कुठेही न जाणारा पूल

सुनेनं उशिरा उठावं, चालेल. नवऱ्याला नावानं हाक मारावी, चालेल. भाजीत मीठ विसरावं आणि वर "आजकाल लोक कमीच खातात" असं सांगावं, तेही आत्याबाईंनी एकदा दात-ओठ खात चालवून घेतलं होतं. पण सुनेनं जेवणाच्या टेबलावर पूल बांधावा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हा सवाल त्या दूधवाल्यापासून लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना विचारत. उत्तर कुणी देत नसे. आत्याबाईंना तरी उत्तर कुठे हवं होतं? त्यांना ऐकणारा हवा होता.

सून नगरपालिकेत इंजिनिअर. शहराचे दोन तुकडे. अलीकडे जुना गाव, पलीकडे समुद्रकिनारा, हॉटेलं आणि सगळी मौजमजा. मधे खाडी. खाडीवर एकच लोखंडी पूल, तोही पायऱ्यांचा. खालून होड्या जाव्यात म्हणून तो असा उंच उचललेला की वर पोचेपर्यंत माणूस कशाला निघाला होता तेच विसरतो. सायकलवाले सायकल खांद्यावर घेतात. म्हणजे माणसानं सायकलवर बसायचं, तर सायकलच माणसावर बसते. यावर उपाय म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी तीन नवे पूल करायचे ठरले होते, आणि त्यातला पहिला, खाडीवरचा, सून पुठ्ठ्याचा करून बघत होती. टेबलावर निळ्या कागदाची खाडी, काडेपेटीची घरं, टाचणीची माणसं, तारेची सायकल. घरातले सगळे ताटं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून जेवत होते.

एकदा आत्याबाईंनी मुद्दामच मिठाची बरणी टेबलावर ठेवली.

"आई, तेवढी बरणी खाडीतून काढता का?" सून म्हणाली.

"समुद्राच्या पाण्याला मिठाचं वावडं कधीपासून झालं गं?" आत्याबाई म्हणाल्या. पण बरणी काढली. तारेची सायकल त्यांना मनातून आवडली होती, आणि बरणीनं तिचा रस्ता अडत होता. हे अर्थातच त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

आत्याबाई शाळेत फारशा गेल्या नव्हत्या. शाळेला त्या नकोशा झाल्या की त्यांना शाळा, यावर त्यांच्या माहेरी दुमत आहे. पण नवऱ्यामागे त्यांनी एकटीनं लॉज चालवलं, मुलाला दातांचा डॉक्टर केलं, आणि नाकावर कधी माशी बसू दिली नाही. लॉजच्या पाटीवर लिहिलं होतं 'समुद्रदर्शन'. समुद्र गच्चीवरून दिसत असे. पूर्वी आत्याबाई प्रत्येक पाहुण्याला स्वतः गच्चीवर नेऊन, समुद्र आपणच मागवून ठेवला असल्यासारखा दाखवत. अलीकडे ते काम मुलगा करी. आत्याबाईंनी आपली खोलीही खाली आणली होती. "वरच्या खोलीला वारा चांगला, ती गिऱ्हाइकाला बरी," असं त्या म्हणत. समुद्रावर चला म्हटलं की म्हणत, "समुद्र काय, बघितलाय. तिथेच असतो." खरी गोष्ट अशी की दोन्ही गुडघ्यांनी त्यांच्याशी असहकार पुकारला होता. गच्चीला जिना आणि समुद्राला पूल, दोन्हीकडे पायऱ्या. कितीतरी वर्षांत बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. पण 'समुद्रदर्शन'च्या मालकिणीनं हे बोलून दाखवायचं कसं?

अशात सुनेचे मोठे साहेब घरी आले. मॉडेल बघायला म्हणून आले, चहा पिऊन झाल्यावर मॉडेलवर घसरले. "मॅडम, तुमचा पूल फार लांब होतो. नागमोडी, संथ, रमतगमत. पूल आहे की सहल? सरळ पायऱ्या ठेवा. लोकांना देवानं पाय दिलेत."

"सायकलीला दिलेले नाहीत, सर," सून म्हणाली. "आणि म्हाताऱ्या माणसांना दिलेले असतात, पण..."

'म्हाताऱ्या माणसांना' म्हणताना सुनेची नजर नुसती चुकून आत्याबाईंकडे गेली. झालं! आत्याबाई ताठ बसल्या. "पायऱ्याच बऱ्या!" त्या कडाडल्या. "आम्ही पायऱ्या चढूनच मोठ्या झालो. उतरणीवरून घसरत जायला आम्ही काय पिंपं आहोत?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हे. साहेबांचा चेहरा खुलला. "बघा मॅडम. खुद्द तुमच्या सासूबाई. ज्येष्ठ नागरिकांचं मत. बैठकीत मी हेच सांगणार." आणि ते मत खिशात घालून ते गेले. बैठक पुढच्याच आठवड्यात होती. बांधकाम समितीच्या सभापतीबाई त्यात ठरवणार होत्या, सुनेचा चढ की साहेबांच्या पायऱ्या.

सून काहीच बोलली नाही. सून उलटून बोलली असती तर आत्याबाईंना बरं वाटलं असतं. न बोलणारी सून म्हणजे न शिजणारी डाळ, कितीही ढवळा, कळतच नाही आत काय चाललंय. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"किती चढ आहे म्हणालीस तुझा?"

"एकास वीस. म्हणजे वीस पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. चढतोय हे कळतसुद्धा नाही."

"कळत नाही तर चढ कसला? तोंडानं सांगू नकोस. मला दाखव. डोळ्यांना नाही, पायांना."

सुनेला ते एकदम पटलं. खऱ्या चढाचा नमुना करायचा, सभापतीबाईंना त्यावर चालवायचं! दुसऱ्या दिवशी ती उत्साहानं कचेरीत गेली आणि संध्याकाळी हिरमुसून परत आली. नमुना करायचा तर निविदा काढावी लागते, निविदेला मंजुरी लागते, आणि मंजुरीसाठी आधी नमुना दाखवावा लागतो. मोठ्या साहेबांनी हे समजावून सांगितलं आणि नाही म्हणाले.

आता इथे आत्याबाईंचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सुनेला नाही म्हणायचा मान घरात त्यांचा होता. तो त्यांनी कष्टानं मिळवलेला होता. उपटसुंभ साहेबानं येऊन तो परस्पर वापरावा?

"माझ्या सुनेला नाही म्हणणारा तो कोण टिकोजीराव?" त्या म्हणाल्या. "नाही म्हणायला मी आहे ना घरात! बोलवा सुताराला. एक फळी टाकायची तर एवढं कसलं अवडंबर?"

एक फळी! सुनेनं हिशोब केला. पुलाएवढं नाही, नुसतं माडीइतकं वर जायचं म्हटलं तरी चढ लॉजच्या फाटकापासून सुरू होऊन शिंप्याचं दुकान ओलांडून गल्लीच्या टोकाला मास्तरांच्या घरापर्यंत जात होता. सुतारानं कान खाजवला. "आत्याबाई, एवढं लाकूड माझ्या अख्ख्या खानदानात नाही."

मग लाकूड जमवणं आलं. एका हॉटेलचं रंगकाम संपलं होतं, त्यांची लोखंडी परांची मुलानं आणली. त्या हॉटेलवाल्याची दाढ त्यानं नुकतीच न रडवता काढली होती, त्याची ही परतफेड. परांचीवर फळ्या हव्यात, म्हणून लॉजमधल्या पलंगांच्या फळ्या निघाल्या. त्या पुरेनात, म्हणून खोल्यांची दारं निघाली. दारांच्या जागी पडदे लागले. एका नवविवाहित जोडप्यानं तक्रार केली, तर आत्याबाईंनी त्यांना सुनावलं, "संसारात पुढे दारं आपटायचीच आहेत. चार दिवस पडद्यावर काढा." जोडपं मग सुताराला खिळे द्यायला लागलं.

गल्ली म्हणजे सल्ल्यांची खाणच. शिंपी म्हणाला, चढ माझ्या पाटीवरून नको, पाटीच्या बाजूनं वळवा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, वळवा, पण माझ्या स्वयंपाकघरात कुणाची नजर जाता कामा नये. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मास्तर. हे रिटायर झालेले, पण शिकवणं सुटलेलं नव्हतं. माडीवरच्या बाल्कनीत उभे राहून ते दिवसभर वरून सूचना सोडत. "फळी आडवी नको, उभी! नाही, उभी नको, आडवी! पुलाला शिस्त पाहिजे!" उंटावरचा शहाणा पुस्तकात असतो, इथे बाल्कनीतला होता.

सून रोज कचेरीला जाताना बजावून जाई, "मधे एक सपाट टप्पा ठेवा, टेकायला. आणि वरच्या टोकाला कठडा लावून बंद करा. लोकांनी वर जायचं, तिथूनच मागे फिरायचं. नुसता नमुना आहे."

टप्पा झाला. तिथे बाक ठेवला. पण कठड्याचं काय झालं ते ऐका. कठडे म्हणजे पलंगांची नक्षीची डोकी, उशाकडच्या उभ्या फळ्या. आत्याबाईंचं म्हणणं पडलं की सुरुवात आपल्या फाटकाशी, तर दर्शनी बाजू कशी भरदार हवी. म्हणून फाटकाजवळ दुहेरी कठडा लागला, शिवाय दोन्हीकडे मोराच्या नक्षीची दोन डोकी उभी राहिली, राजवाड्यात शिरतोय असं वाटावं. आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पलंग संपले.

"वरचं टोक उघडं राहिलंय, आत्याबाई," सुतार म्हणाला. "माणूस पडेल."

आत्याबाईंनी वर पाहिलं. समोर मास्तरांची बाल्कनी होती, आणि बाल्कनीला छान कठडा होता. "पडेल कसा? मास्तरांच्या बाल्कनीला टेकव की. आयता कठडा आहे."

अशा रीतीनं पूल मास्तरांच्या बाल्कनीला जाऊन भिडला. मास्तरांनीही हौसेनं मान डोलावली. आपल्या घराला पूल येतो म्हणजे काय साधी गोष्ट आहे!

आता मागे फिरण्याची गोष्ट. गल्लीतल्या लोकांना ती मुळीच मान्य नव्हती. पुलावरून गेलेला माणूस त्याच पुलावरून लगेच परत कशाला येईल? मागून दुसरे येत असतात, त्यांना धक्के मारत? समोर बाल्कनी आहे, बाल्कनीचा कठडा कमरेइतकाच आहे, पलीकडे मास्तरांची झोपायची खोली, तिथून जिना, जिन्याखाली रस्ता. सरळ मार्ग दिसत असताना मागे कोण वळतो? पहिल्याच सकाळी शिंपी गेला, त्याच्या मागून वहिनी गेल्या, मग दूधवाला गेला. मास्तर पांघरुणात होते. प्रत्येक जण "उठू नका, उठू नका" म्हणत त्यांच्या पलंगाला वळसा घालून जिना उतरला. दूध मात्र वेळेवर मिळालं. दुपारी दोन पर्यटक सायकली घेऊन आले आणि मास्तर गालाला साबण लावून उभे असताना आरशात त्यांना मागून सायकल येताना दिसली. पर्यटकांनी आरशासकट मास्तरांचा फोटो काढला.

"आत्याबाई!" मास्तर अर्ध्या गालानं ओरडत खाली आले. "माझ्या बेडरूमचा चौक झालाय!"

"मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात ना, पुलाला शिस्त पाहिजे?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मग लावा की शिस्त. डावीकडून चाला म्हणावं."

गंमत म्हणजे मास्तरांनी खरंच लावली. पलंग एका बाजूला सरकवला आणि खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय पुसायला सांगत बसले. एकट्या माणसाच्या घरात इतकी वर्दळ कित्येक वर्षांत झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून, सकाळपासूनच वाट बघायला लागले.

मग अतिक्रमण विभागाचा निरीक्षक आला. त्याच्या हातात पॅड होतं.

"हे काय आहे?"

"पूल," आत्याबाई म्हणाल्या.

"कुठून कुठे जातो?"

"माझ्या फाटकापासून मास्तरांच्या बेडरूमपर्यंत."

निरीक्षक थोडा वेळ पेन चावत राहिला. "पूल असेल तर बंदर खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. खाली पाणी कुठलं आहे?"

"पाणी नाही. नळ सकाळी येतो."

"पाणी नाही, तर पूल नाही. मग हा मंच. मंच असेल तर पोलिसांची परवानगी."

"मंच कसला? भाषण कोण करतंय? तुम्ही सोडून?"

"मग हे आहे तरी काय, बाई?"

आत्याबाईंनी चढावर हात फिरवला. "हे दार. हा पलंग. हे पुन्हा दार. डोळे आहेत ना? फर्निचर आहे. साफसफाईसाठी बाहेर काढलंय." निरीक्षकानं वाकून पाहिलं. दारांना खोल्यांचे नंबरसुद्धा होते. त्याच्या नियमात फर्निचरविरुद्ध काही नव्हतं. सुटकेचा निःश्वास टाकून त्यानं लिहिलं, 'गल्लीएवढ्या लांबीचं एक फर्निचर', आणि जाताना स्वतःही चढून, मास्तरांच्या घरी पाय पुसून, जिन्यानं उतरून गेला.

एवढा सगळा गाव चढला. चढल्या नव्हत्या फक्त आत्याबाई. फाटकाशी खुर्ची टाकून त्या सगळ्यांना हुकूम सोडत. कुणी विचारलं तर, "आधी पाहुणे, मग घरचे." पण मनात वेगळंच होतं. सगळ्या गल्लीसमोर मधेच गुडघा अडला तर? चार जणांनी उचलून आणलं तर? एवढ्या वर्षांचा कमावलेला मान एका फळीवर घालवायचा? सून येता-जाता त्यांच्याकडे बघे आणि काही विचारत नसे. तिनं एकदाही "चला आई" म्हटलं नाही, याचा आत्याबाईंना राग येत होता, आणि म्हटलं असतं तर त्याहून आला असता.

बैठकीचा दिवस उजाडला. त्या सकाळी पहिली हजेरी लावली ती विहीणबाईंनी, सुनेच्या आईनं. विहीणबाई खाडीपलीकडे राहत. अंगानं काडी, चालणं वाऱ्यासारखं. लोखंडी पुलाच्या सगळ्या पायऱ्या चढून-उतरून आल्या, तरी कपाळावर घामाचा थेंब नाही. एवढ्यावरूनच आत्याबाईंचं त्यांच्याशी पटत नसे. लेकीचं काम बघायला आल्या होत्या. आल्या तशा तुरुतुरु चढ चढून टोकाला पोचल्या आणि वरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो विहीणबाई! या ना वर! इथून समुद्र दिसतो!"

'समुद्रदर्शन'च्या पाटीखाली बसलेल्या आत्याबाईंना हे ऐकून घ्यावं लागलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी गल्लीत सभापतीबाईंची गाडी शिरली. निरीक्षकानं लिहिलेलं गल्लीएवढं लांब फर्निचर असतं तरी कसं, हे बघायला बाई बैठकीआधीच निघाल्या होत्या. सोबत सून होती, तिचा चेहरा कागदासारखा पांढरा. मोठे साहेबही होते, त्यांचा चेहरा मात्र गुलाबी.

"मॅडम," साहेब सभापतीबाईंना म्हणाले, "हे कौतुक ठीक आहे. पण ज्यांच्यासाठी एवढा लांब चढ करायचा, त्यांनाच तो नकोय. ह्या बघा, आमच्या इंजिनिअरबाईंच्या सासूबाई. माझ्यासमोर म्हणाल्यात, पायऱ्याच बऱ्या. हो ना हो, आजी?"

शिंप्याचं मशीन थांबलं. सुनेनं खाली बघितलं. आत्याबाईंना कळलं की आता आपण नुसतं "हो" म्हणायचा अवकाश, पुठ्ठ्याचा पूल टेबलावरून उठेल, टेबल रिकामं होईल, आणि सून पुन्हा कधी टेबलावर काही बांधणार नाही. महिनाभर हेच तर त्या मागत होत्या.

"आजी कुणाला म्हणता?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

मोरांच्या मधून त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. गुडघा काही बोलला नाही. दुसरं टाकलं. गुडघा अजून विचारच करत होता. दार नंबर चार, दार नंबर सात, ओळखीच्या फळ्या पायाखालून जात होत्या. आपल्याच लॉजमधून आपण चालत निघालोय, फक्त लॉज आडवं झालंय, असं त्यांना वाटलं. शिंप्याची पाटी कमरेच्या खाली गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण वर आलोय. टप्प्यावर बाक होता. त्या बसल्या, दम लागला म्हणून नव्हे, तर बसता येतंय हे साहेबांना दिसावं म्हणून. बसल्या-बसल्या वहिनींच्या स्वयंपाकघरात डोकावून "ओट्यावरचं दूध उतू चाललंय गं!" असं ओरडल्या. वहिनी धावल्या. आत्याबाई उठल्या आणि टोकापर्यंत गेल्या.

तिथे समुद्र होता. घरांच्या छपरांपलीकडे, खाडीपलीकडे, निळा, मोठा, उन्हात लखलखणारा. अगदी तिथेच होता, त्या इतकी वर्षं लोकांना सांगत होत्या तसाच. शेजारी विहीणबाई उभ्या होत्या.

"बघितलात?" विहीणबाई हळूच म्हणाल्या.

"बघतेय. मधे बोलू नका," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी विहीणबाईंचा हात धरला. आधारासाठी, असं नंतर सांगितलं.

मग मात्र त्यांनी खाली वळून पुकारलं, "अहो साहेब! माझं झालं. आता तुमच्या पायऱ्या. मास्तरांचा जिना आहे, तुमच्या पसंतीचा, सरळसोट. शिंप्याच्या दुकानाबाहेरची ती सायकल घ्या पाहू खांद्यावर आणि या इथपर्यंत. देवानं पाय दिलेत ना?"

सभापतीबाईंनी ओठ दाबून साहेबांकडे पाहिलं. साहेबांना पर्याय नव्हता. गल्लीनं सायकल खांद्यावर चढवून दिली. जिन्याच्या वळणापर्यंत साहेब दिसत होते, पुढे नुसते ऐकू येत होते. आधी घंटी वाजली. मग मास्तरांचा कपड्यांचा स्टँड पडला. मग मास्तरांचा आवाज आला, "पाय पुसा! आधी पाय पुसा!" शेवटी बाल्कनीत साहेब आले तेव्हा हँडलवर मास्तरांचा सदरा होता, टाय पाठीवर होता, आणि सायकल कोण आणि साहेब कोण हे चटकन कळत नव्हतं. धापा टाकत त्यांनी समोर पाहिलं, समुद्र पाहिला, आणि काय झालं कुणास ठाऊक, माणूस हसायलाच लागला. "छे हो," ते म्हणाले, "हे काही खरं नाही. मी जाताना चढावरूनच जाणार." आणि सायकल कठड्यावरून पलीकडे उतरवून, तिच्यावर बसून साहेब उतारावरून असे निघाले की मोरांच्या मधून सुटून थेट सभापतीबाईंच्या गाडीच्या उघड्या दारापर्यंत पोचले. वाटेत ते आनंदानं ओरडत होते, असं शिंपी शपथेवर सांगतो. ब्रेक लागला नाही म्हणून ओरडत होते, असं सुतार म्हणतो.

सभापतीबाई स्वतः दोनदा चढल्या. दुसऱ्यांदा कामाशिवाय. संध्याकाळच्या बैठकीत सुनेचा चढ मंजूर झाला. बाक हवाच, असा शेराही पडला.

दुसऱ्या दिवशी दारं खोल्यांना परत लागली, पलंगांना मोर मिळाले. मास्तरांनी सगळं शांत झाल्याबद्दल हायसं वाटल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, "तरी चहाला येत जाल ना, समोरून, साध्या दारानं?" पुठ्ठ्याचा पूल कचेरीत गेला, काचेच्या पेटीत. सुनेनं टेबल पुसून लखलखीत केलं, ताटं मांडली. सगळे खुर्च्यांवर बसले. विहीणबाईंनाही ठेवून घेतलं होतं. टेबल एवढं मोठं होतं, हे सगळे विसरूनच गेले होते. मिठाची बरणी मधोमध एकटीच उभी होती.

आत्याबाईंनी दोन घास खाल्ले, मांडीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग ताट जरा बाजूला सारलं.

"तुझं वागणं मला कधीच पटलेलं नाही, आणि आजही पटत नाही," त्या सुनेला म्हणाल्या. सगळ्यांचे हात ताटात थांबले. "तीन पूल करायचे म्हणाली होतीस. एक झाला की लगेच टेबल पुसून मोकळी? ही कामाची रीत झाली? उद्या पुठ्ठा आण आणि दुसरा बांधायला घे. फक्त या वेळी खाडी हातभर सरकव, माझी मिठाची बरणी राहिली पाहिजे. आणि ती तारेची सायकल कचेरीतून परत घेऊन ये. तिथे तिला कोण विचारतंय?"